गावची पोंटून बोट: मृगाआधी तयार कशी ठेवायची

आमच्या आजीच्या आठवणीतल्या पुरात माणसं गुऱ्हाळाच्या काहिलीतून काढली होती. गूळ आटवायची ती मोठी काहील पाण्यात सोडायची, चौघांनी पोहत धरायची आणि आत म्हातारी माणसं, लेकरं बसवायची. पंचगंगेच्या आणि कृष्णेच्या काठच्या कुठल्याही गावात ही आठवण सांगणारं कोणीतरी भेटतंच. २०१९ चा पूर ओसरल्यावर आमच्या गावानं ठरवलं, आता काहील नको. वर्गणी निघाली, ग्रामपंचायतीनं ठराव केला आणि वीस फुटी पोंटून बोट गावात आली. तेव्हापासून मी आणि तरुण मंडळातली चार पोरं तिचं सगळं बघतो.

सुरुवातीला आम्हाला यातलं काही येत नव्हतं. २०२१ च्या जुलैत, म्हाताऱ्या पावसात पंचगंगेनं धोक्याची पातळी ओलांडली. रात्री अकराच्या सुमाराला बोट पाण्यात सोडली आणि इंजिन सुरूच झालं नाही. मागच्या वर्षीचं पेट्रोल तसंच टाकीत राहिलं होतं, कार्बोरेटरमध्ये त्याचा चिकट थर बसला होता. पहिली दोन कुटुंबं आम्ही वल्ही मारून आणि दोराला ओढून काढली. त्यातल्या एका घरात आठ महिन्यांचं बाळ होतं. त्या रात्रीनंतर मी वही घातली आणि जे शिकत गेलो ते लिहीत गेलो.

पुराची बोट वर्षातून आठ-दहा दिवस पाण्यावर असते आणि उरलेलं वर्ष शेडमध्ये उभी. तिचं जे बिघडतं ते बहुतेक उभ्या-उभ्याच बिघडतं. म्हणून खालची कामं शेतकऱ्याच्या पंचांगाप्रमाणं लावली आहेत. रोहिणी निघायच्या आधी, म्हणजे मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत, दुरुस्ती पूर्ण हवी. मृग लागायच्या आत, ७ जूनच्या सुमाराला, बोट पाण्यात घालून बघितलेली हवी. २०२१ चा पूर पुष्यात आला, २०१९ चा आश्लेषात. तोवर वेळ आहे असं वाटतं, पण आर्द्रा लागली की फॅब्रिकेशनवाल्याकडंही वेळ नसतो आणि आपल्या पोरांनाही रोप लावणीतून सवड नसते.

१. आपली बोट कशासाठी आहे ते आधी ठरवा

पोंटून बोट म्हणजे दोन किंवा तीन बंद नळ्या आणि त्यांच्यावर सपाट पाट. नळ्या बहुतेक अ‍ॅल्युमिनियमच्या, काही ठिकाणी जाड प्लॅस्टिकच्या. पाट सपाट आणि रुंद असल्यामुळं म्हातारं माणूस काठावरून सरळ पाय टाकून आत येऊ शकतं, खुर्चीत बसवलेला रुग्ण तसाच आत घेता येतो, शेळी-करडू उभं राहतं. रबरी बोटीत हे जमत नाही.

पण ही बोट जोराच्या धारेसाठी नाही. नळ्या लांब, कठडा उंच, वारं धरते, वळायला जागा लागते. आमच्याकडं पुराचं जे पाणी गल्लीत आणि मळीत येतं ते बरंचसं फुगवट्याचं असतं, संथ असतं. त्या पाण्यात पोंटून फार उपयोगी. नदीच्या मूळ पात्रात, पुलाच्या गाळ्यापाशी किंवा ओढ्याच्या तोंडाशी जिथं धार आहे, तिथलं काम एनडीआरएफच्या पथकाचं. गावात कोणी कितीही आग्रह केला तरी हे बदलायचं नाही. आमच्या शेडच्या दारावर ही ओळ रंगवून घेतली आहे.

२. कागदपत्रं

इंजिनावर चालणारी बोट नदीत घालायची तर अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ लागू होतो. त्याप्रमाणं बोटीचं सर्वेक्षण आणि नोंदणी लागते, आणि आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ बघतं. पुराच्या कामाची गावची बोट आहे, तिला कोण विचारतंय, असं समजून बसू नका. काही विपरीत झालं तर विम्याचा पहिला प्रश्न नोंदणीचाच असतो.

एका फाइलमध्ये हे ठेवा:

- बोटीचं आणि इंजिनाचं बिल, इंजिनाचा नंबर ठळक लिहून
- सर्वेक्षण आणि नोंदणी प्रमाणपत्र
- विम्याची पॉलिसी, तिची मुदत संपण्याची तारीख फाइलच्या बाहेर लिहून
- ग्रामपंचायतीचा ठराव आणि जडवस्तू संग्रह नोंदवहीतल्या नोंदीची प्रत
- बोट चालवणाऱ्यांची नावं आणि त्यांनी घेतलेल्या प्रशिक्षणाची प्रमाणपत्रं
- धरणाच्या किंवा बंधाऱ्याच्या पाण्यात सराव करायचा असेल तर पाटबंधारे विभागाची परवानगी

फाइलच्या दोन प्रती करा. एक ग्रामपंचायतीत राहू दे, दुसरी गावात सगळ्यात उंचावर ज्याचं घर आहे त्याच्याकडं. पुरात ग्रामपंचायतीचं कपाटच पाण्यात जातं, हे आम्ही बघितलं आहे.

३. नळ्या तपासणं

सगळा भार नळ्यांवर असतो, म्हणून इथं घाई करू नका. एक पूर्ण दिवस द्या.

आधी धुऊन घ्या. पुराचं पाणी सुकलं की नळीवर गाळाचा आणि शेवाळाचा पापुद्रा राहतो, त्याखाली काय आहे ते दिसत नाही. साधा साबण, पाणी आणि नारळाच्या काथ्याचा किंवा नायलॉनचा ब्रश पुरतो. लोखंडी तारेचा ब्रश किंवा भांडी घासायची लोखंडी काथी अजिबात वापरू नका. लोखंडाचे बारीक कण अ‍ॅल्युमिनियममध्ये रुततात आणि तिथून गंज धरतो.

मग हातानं तपासा. नळीवरून तळहात फिरवत जा. पोचा, ओरखडा, वेल्डिंगच्या रेषेजवळ केसासारखी भेग हे डोळ्यांआधी हाताला लागतं. नळीचं नाक, म्हणजे पुढचा निमुळता भाग, आणि पाटाचे आडवे बार जिथं नळीला जोडले आहेत त्या जागा दोनदा बघा. पुरात बोट सगळ्यात जास्त आदळते ती बुडालेल्या कंपाउंडच्या भिंतीवर, आणि तो मार नाकावर बसतो.

चांगल्या बोटीत प्रत्येक नळीचे आतून पडदे घालून तीन-चार कप्पे केलेले असतात. एक फुटला तरी बाकीचे तरतात. त्यामुळंच एक धोका लपून राहतो: एका कप्प्यात पाणी भरलं तरी बोट तरंगतच असते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. बोट संथ पाण्यात रिकामी सोडा आणि काठावरून समोरून बघा. दोन्ही नळ्या सारख्या बुडाल्या आहेत का? एक बाजू दोन बोटं जरी खाली असली तरी त्या कप्प्याचं बूच उघडून बघा.

गळती शोधायची असेल तर कप्प्यात थोडी हवा भरून बाहेरून साबणाचं पाणी लावतात, बुडबुडे येतात तिथं भेग. इथं एक मोठी चूक होते. गॅरेजचा कॉम्प्रेसर लावू नका. या नळ्या दाब सोसायला बनवलेल्या नसतात, फुगून वेल्डिंग सुटतं किंवा नळी फुटून माणूस जखमी होतो. सायकलचा हातपंप आणि कमी दाब दाखवणारा मीटर घ्या, दोन पीएसआयच्या वर जाऊ नका.

वेल्डिंगसाठी कोल्हापूरसारखी सोय दुसरीकडं क्वचित मिळेल. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत अ‍ॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारे कारागीर आहेत. दुकानात गेल्यावर तीन गोष्टी विचारा. अ‍ॅल्युमिनियमसाठी वेगळा स्टेनलेसचा ब्रश आहे का, वेल्डिंगआधी जागा अ‍ॅसिटोननं पुसणार का, आणि आर्गॉन गॅस वापरणार का. उत्तरं मोघम आली तर दुसरीकडं जा. आणि वेल्डिंगच्या आधी त्या कप्प्याचं बूच उघडून तो पूर्ण सुकवा. बंद कप्प्यातली हवा तापली की तापलेली जागाच फुटते, आणि आत पेट्रोलचा वास असेल तर काम तिथंच थांबवा.

एम-सीलचा गोळा ही दोन तासांची सोय आहे. बोटीवर जरूर ठेवा, पण ते लावून हंगाम काढायचा विचार करू नका.

गंज अडवण्यासाठी नळीला किंवा इंजिनाला एक बळीची वडी बसवलेली असते, तिला अ‍ॅनोड म्हणतात. ती स्वतः झिजते आणि बोटीचा धातू वाचवते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात जस्ताची वडी लावतात. आपल्या नद्यांच्या गोड्या पाण्यात जस्तावर पापुद्रा धरतो आणि वडी काम करायची थांबते. आम्हाला एका दुकानदारानं जस्ताची दिली, दोन वर्षं ती नव्यासारखीच दिसत होती आणि आम्ही त्यावर खूश होतो. शेवटी इंजिनाच्या पायाला, म्हणजे पाण्यात बुडणाऱ्या खालच्या भागाला, टोचे पडलेले दिसले. गोड्या पाण्यासाठी मॅग्नेशियमची किंवा अ‍ॅल्युमिनियमची वडी मागा. अर्धी झिजली की बदला आणि तिला रंग कधीही लावू नका.

रंगाचाच विषय निघाला म्हणून सांगतो. शेवाळ धरू नये म्हणून लाकडी बोटींना लावतात त्या रंगात तांबं असतं. अ‍ॅल्युमिनियमला तांबं लागलं की धातू खाल्ला जातो. डबा घेताना हे विचारून घ्या.

४. पाट आणि कठडा

पाटाचं प्लाय आयएस ७१० शिक्क्याचं मरीन प्लाय हवं. शिक्का प्रत्येक फळीवर असतो, तो बघून घ्या. दिसायला सारखंच असणारं साधं प्लाय एका पुरात फुगतं आणि दुसऱ्यात पापुद्रे सुटतात.

दरवर्षी पेचकस घेऊन पाटावर हातभर अंतरानं टोचत जा. कुठं मऊ लागलं तर तेवढी फळी बदला. कडा आणि बोल्टची भोकं इपॉक्सीनं बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. स्टेनलेसचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियमच्या बारला थेट भिडू देऊ नका, मध्ये नायलॉनचा वॉशर घाला. पाटावर गुळगुळीत चटई घालायचा मोह टाळा. ओल्या पायांनी, हातात लेकरू घेऊन बाई चढणार आहे, तिला खरखरीत पृष्ठभाग हवा.

कठड्याचं दार आतल्या बाजूला उघडणारं असावं आणि त्याला कडी हवी. गर्दी रेटली तर बाहेर उघडणारं दार माणसाला घेऊनच जातं.

छताची कमान असेल तर पुराच्या कामात ती पाडून ठेवा. पाणी वीस फूट चढलं की वीज वाहिन्या आपल्या डोक्याशी येतात. अ‍ॅल्युमिनियमची कमान तारेला टेकली तर काय होईल ते सांगायला नको. महावितरणनं वीज बंद केल्याचं खात्रीनं कळल्याशिवाय तारांखालून जाऊच नका.

५. इंजिन

नवशिक्यांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथं होतो. आमचं चार-स्ट्रोकचं आहे, पण बहुतेक गोष्टी दोन-स्ट्रोकलाही तशाच लागू आहेत.

कोरडं इंजिन सुरू करू नका. मोटारसायकलला किक मारून बघावी तसं लोक शेडमध्ये दोरी ओढून बघतात. बोटीचं इंजिन नदीचंच पाणी खेचून थंड होतं. ते पाणी खेचणारा पंप रबरी पाकळ्यांचा असतो आणि पाणी नसेल तर काही सेकंदांत त्या पाकळ्या जळतात. तपासायचं असेल तर इंजिनाचा पाय पाण्यानं भरलेल्या मोठ्या बॅरलमध्ये बुडवा, गिअर न्यूट्रलला ठेवा आणि मग सुरू करा.

सुरू झाल्या झाल्या मागची बारीक धार बघा. इंजिनाच्या मागून पाण्याची एक सतत धार पडते. ती पडते आहे म्हणजे पंप चालू आहे. धार बारीक झाली किंवा थांबली तर इंजिन लगेच बंद करा. बहुतेक वेळा पाण्याच्या जाळीत केंदाळाची मुळं किंवा उसाचा पाला अडकलेला असतो. पुराचं पाणी गाळाचं असल्यामुळं रबरी पाकळ्या लवकर झिजतात. आम्ही एक वर्षाआड बदलतो आणि एक जोड शिल्लक ठेवतो.

गिअरचं तेल दर हंगामाला बदला. पायाला खाली-वर दोन स्क्रू असतात. खालचा आधी काढा, मग वरचा, तेल गळू द्या. तेल तपकिरी किंवा काळपट असेल तर ठीक. दुधी, चहासारखं असेल तर आत पाणी शिरलं आहे, सील गेलं आहे, मेकॅनिककडं न्या. नवं तेल खालच्या भोकातून भरायचं, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलं तर हवा अडकते आणि तेल कमी बसतं. भरून झाल्यावर आधी वरचा स्क्रू लावा, मग खालचा. दोन्ही वॉशर नवे.

सील जाण्याचं नेहमीचं कारण म्हणजे मासेमारीचं जाळं. बोट ढकलणाऱ्या पंख्याच्या दांड्याला गुंडाळलेला नायलॉनचा दोरा उष्णतेनं आत रुतत जातो आणि सील कापतो. दर फेरीनंतर नाही तरी दर दिवसाअखेर पंखा काढून दांडा बघा.

पेट्रोल. आता पंपावर मिळतं त्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि पावसाळ्यात हवेत ओल किती असते ते आपल्याला माहीत आहे. ओल जास्त झाली की इथेनॉल आणि पाणी खाली बसतं, नेमकं तिथूनच नळी पेट्रोल खेचते. म्हणून बोटीच्या टाकीत महिन्यापेक्षा जुनं पेट्रोल राहू देऊ नका. जुनं काढून कोणाच्या तरी मोटारसायकलमध्ये थोडं थोडं नव्यात मिसळून संपवा. पेट्रोलच्या नळीवर पाणी वेगळं करणारा फिल्टर बसवून घ्या. दोन-स्ट्रोक असेल तर तेलाचं प्रमाण इंजिनाच्या पुस्तकात बघा. साधारण ५० ला १ असतं, म्हणजे लिटरला २० मिली, पण पुस्तक सांगेल ते खरं.

हंगामात इंजिन दोन-चार दिवसांपेक्षा जास्त उभं राहणार असेल तर पेट्रोलची नळी काढा आणि कार्बोरेटरमधलं संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा. आमचं २०२१ मध्ये जे झालं ते एवढं न केल्यामुळं झालं.

इंजिन मध्येच बंद पडलं तर मेकॅनिकला फोन करायच्या आधी तीन गोष्टी बघा. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? नळीवरचा रबरी फुगा दाबल्यावर घट्ट होतो का, आणि त्याच्यावरचा बाण इंजिनाकडं आहे का? बंद करायच्या दोरीची क्लिप जागेवर आहे का? दहातल्या सात-आठ वेळा आमचं काम या तिघांतच झालं आहे.

ती क्लिपची दोरी चालवणाऱ्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला बांधलेलीच हवी. तो पाण्यात पडला तर क्लिप निघते आणि इंजिन थांबतं. नाहीतर फिरता पंखा घेऊन बोट त्याच्याच अंगावर येते. आमच्याकडं दोरी न बांधता कोणी इंजिनाला हात लावत नाही, मग तो सरपंच असो नाहीतर प्रशिक्षण देणारा.

पेट्रोल भरताना कॅन बोटीवर ठेवून भरू नका, खाली जमिनीवर ठेवून भरा. बोटीवर माणसं असताना तर नाहीच.

६. बॅटरी आणि वायरिंग

बॅटरी १२ व्होल्टची, झाकणाच्या पेटीत, पट्ट्यानं आवळलेली. हंगाम संपला की ऋण टोकाची वायर काढा आणि महिन्यातून एकदा चार्ज करा. आमची चार्जिंगची तारीख संकष्टीला ठेवली आहे, त्यामुळं कोणी विसरत नाही. उंदीर वायरी कुरतडतात. मेमध्ये प्रत्येक वायर हातानं चाचपून बघा.

७. बोटीवर काय हवं

- लाइफ जॅकेट, बसणाऱ्या प्रत्येकाला एक आणि वर दोन जादा. लहान मुलांच्या मापाची वेगळी. मोठ्यांचं जॅकेट लेकराच्या डोक्यावरून निघून जातं.
- तीस मीटर तरंगत्या दोरासकट लाइफबॉय रिंग
- वल्ही चार, लांब बांबू दोन. बांबूनं पुढचं पाणी चाचपता येतं, बुडालेली विहीर आणि भिंत कळते.
- बॅटऱ्या तीन, त्यातली एक डोक्याला बांधायची
- शिट्टी प्रत्येक जॅकेटला बांधलेली
- पावडरचं अग्निशामक, मुदत बघून
- दोर कापायचा सुरा, म्यानासकट, चालवणाऱ्याच्या हाताशी
- जादा पंखा, त्याची पिन आणि पाना, प्लग आणि प्लग पाना, पक्कड
- बादली, प्रथमोपचार पेटी, पाण्याचे कॅन, कोरडी चादर

जॅकेट विकत घेताना स्वस्ताला भुलू नका. मान्यतेचा छाप आतल्या बाजूला शिवलेला असतो, तो बघा. दरवर्षी मेमध्ये प्रत्येक जॅकेट घालून पोहणाऱ्या एकानं विहिरीत उतरावं आणि अंग सैल सोडावं. तोंड पाण्याबाहेर राहिलं तर ते जॅकेट ठेवा. फोम दाबून कडक किंवा चुरा लागला तर ते बाजूला काढा आणि कापून टाका, म्हणजे घाईत कोणी उचलणार नाही.

दोरांबद्दल थोडं. फेकायचा दोर पॉलिप्रॉपिलिनचा, कारण तो तरंगतो. नांगराचा दोर नायलॉनचा, कारण तो ताणतो आणि धक्का खातो. हे दोन दोर वेगळ्या रंगाचे घ्या, अंधारात अदलाबदल होते. लक्ष्मीपुरीत दोन्ही मिळतात. नांगराचा दोर पाण्याच्या खोलीच्या किमान पाचपट सोडावा लागतो, नाहीतर नांगर धरत नाही. आणि नांगर कायम पुढून टाकायचा. मागून टाकला तर इंजिनाच्या वजनानं आधीच खाली असलेला भाग धारेत आणखी दबतो आणि बोट मागून पाणी घेते.

८. किती माणसं बसवायची

८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला पुरातून निघालेली माणसांनी भरलेली बोट उलटली आणि त्यात अनेक जण गेले. कृष्णा-पंचगंगेच्या काठावर हे कोणी विसरलेलं नाही. म्हणून हा हिशेब सगळ्या गावाला माहीत असावा असं मला वाटतं, नुसता बोट चालवणाऱ्यांना नाही.

आमच्या नळीचा व्यास ६० सेंटिमीटर आणि लांबी ६ मीटर. त्रिज्या ०.३ मीटर. ०.३ गुणिले ०.३ गुणिले ३.१४ गुणिले ६, म्हणजे साधारण १.७ घनमीटर. पूर्ण बुडाली तर ती १,७०० किलो उचलते. दोन नळ्यांचे ३,४०० किलो. पण पूर्ण बुडालेली बोट म्हणजे बुडालेलीच बोट. नळी अर्ध्याच्या वर बुडू द्यायची नाही, म्हणून हिशेबाला १,७०० किलो. त्यातून पाट, कठडा, इंजिन, पेट्रोल, सामान धरून बोटीचं स्वतःचं वजन ८०० किलो वजा केलं. उरले ९००. ओल्या कपड्यांतलं माणूस आणि त्याची एक पिशवी धरून ८५ किलो. उत्तर आलं दहा. त्यात चालवणारा आणि त्याचा सोबती हे दोघं धरलेले. म्हणजे प्रवासी आठ.

तुमच्या नळीच्या मापानं हाच हिशेब करा. बनवणाऱ्यानं बोटीवर पट्टी लावून आकडा दिला असेल आणि तो तुमच्या उत्तरापेक्षा कमी असेल तर तोच धरा. मग नळीच्या बरोबर मध्यावर दोन्ही बाजूंना ठळक पट्टा ओढा. पाणी पट्ट्याला टेकलं की चढणं बंद. रात्रीच्या गडबडीत डोकी मोजता येत नाहीत, पट्टा मात्र बॅटरीच्या उजेडात दिसतो.

वजन कुठं बसतं तेही महत्त्वाचं. पोंटून बोटीची खोड अशी की सगळे पुढं उभे राहिले आणि चालवणाऱ्यानं अचानक वेग कमी केला की नाक खाली जातं आणि पाणी पाटावर चढतं. माणसं मध्यापासून मागं बसवा, उभं कोणालाच ठेवू नका. घर दिसलं, ओळखीचं कोणी दिसलं की सगळे एका बाजूला झुकतात. निघताना मोठ्यानं सांगा, "काही दिसलं तरी जागा सोडायची नाही." म्हशी, मोटारसायकल, धान्याची पोती घ्यायची नाहीत. यावरून भांडणं होतात. एकदा एका काकांनी गॅस सिलेंडरसाठी अर्धा तास वाद घातला. त्यांची अडचण खरी होती, पण पहिल्या फेरीत फक्त माणसं, हा नियम ग्रामसभेतच मंजूर करून घेतला तर ऐनवेळी चालवणाऱ्या पोरावर ओझं येत नाही.

९. सराव

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना पावसाळ्यानंतर बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घालतात आणि वरच्या अंगाला पाणी साठतं. मार्च-एप्रिलमधलं ते संथ, खोल पाणी सरावाला उत्तम. परवानगी घ्या, बंधाऱ्यापासून लांब राहा आणि दर रविवारी दोन तास काढा. काठाला लावणं, उलटं घेणं, पडलेल्या माणसाला धारेच्या खालच्या अंगानं जाऊन उचलणं, इंजिन बंद पडलं असं धरून वल्ह्यांनी परत येणं, हे प्रत्येकानं किमान दहा वेळा केलेलं हवं. शेवटचे दोन सराव अंधार पडल्यावर करा.

पावसाळ्याआधी बरगे काढतात, पण खांब आणि भिंत तिथंच असते आणि पुरात ती पाण्याखाली दिसेनाशी होते. तिच्या खालच्या अंगाला पाणी उलटं फिरतं, तरंगणारी वस्तू पुन्हा पुन्हा भिंतीकडं ओढली जाते. पट्टीचा पोहणाराही तिथून सुटत नाही. उन्हाळ्यात गावाचा नकाशा घ्या आणि बंधारा, विहिरी, जॅकवेल, ट्रान्सफॉर्मर, काटेरी कुंपणं, लवणातले ओढे त्यावर लाल खुणांनी मांडा. उसाच्या फडावरून जायचा मोह होतो, कारण रस्ता जवळ पडतो. पाण्याखालचा ऊस पंख्यात अडकतो आणि बोट मधोमध उभी राहते.

कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पातळी ३५ फुटांच्या पुढं चढू लागली की आम्ही बोट शेडमधून काढून उंच जागी, सोडायच्या ठिकाणी आणतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली की रात्रपाळी सुरू. बोट सोडण्याआधी जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर कळवा. कोणत्या गल्लीत जातोय, किती जण, परत किती वाजता. परत आल्यावरही कळवा.

१०. पूर ओसरल्यावर ठेवणी

दमलेलं असतं सगळं गाव, घरातला गाळ काढायचा असतो, बोटीकडं बघायला कोणी नसतं. तरी पहिल्या दोन दिवसांत एवढं कराच: गोड्या स्वच्छ पाण्यानं बोट धुवा, बॅरलमध्ये इंजिन दहा मिनिटं चालवून आतला गाळ काढा, पेट्रोल उतरवा, जॅकेट सावलीत वाळवा. उन्हात वाळवली की कापड आणि शिलाई कुजते.

बाकीचं खंडेनवमीला. त्या दिवशी गावात नांगर, कुळव, मोटारी पूजतात, आमच्याकडं बोटही पूजतात. पूजेच्या आधी सगळी पोरं जमलेली असतातच, म्हणून त्याच सकाळी पूर्ण तपासणी करतो. बूचं उघडून नळ्या सुकवायच्या, गिअरचं तेल बदलायचं, प्लग काढून सिलिंडरमध्ये चमचाभर तेल सोडून दोरी हलकी ओढायची, बॅटरी काढायची. बोट लाकडी ओंडक्यांवर ठेवायची, नळीच्या पूर्ण लांबीला आधार मिळेल अशी, नाक चार बोटं वर. इंजिन उभंच ठेवायचं, तिरकं ठेवलं तर आत पाणी राहतं. ताडपत्री घाला पण चारी बाजूंनी बंद करू नका, वारं खेळू दे. आत गांधीलमाशा पोळं करतात, मेमध्ये ताडपत्री काढताना जपून.

वहीत तारीख, इंजिन किती तास चाललं, काय बदललं, काय आणायचं राहिलं आणि कोणाच्या सह्या. शेडच्या तीन किल्ल्या करा: एक ग्रामपंचायतीत, एक मंडळाच्या अध्यक्षाकडं, एक शेडला सगळ्यात जवळ असलेल्या घरात. त्या घरातल्या वहिनींनाही कुलूप उघडून, बूचं लावून बोट तयार करायला शिकवून ठेवा. आमच्याकडं गेल्या पावसाळ्यात पोरं पोहोचायच्या आधी त्यांनीच सगळं मांडून ठेवलं होतं.